प्रीॲम्पच्या यादीतलं काय परदेशातून मागवावं आणि काय ग्रँट रोडवरून आणावं

प्रीॲम्प, म्हणजे प्लेयर आणि स्पीकर चालवणारा पॉवर ॲम्प यांच्यामध्ये बसून सिग्नलची पातळी ठरवणारं यंत्र, घरी बनवायचं मनात आलं की पहिला प्रश्न हमखास आयसीचा, म्हणजे चिपचा येतो. कुठली घेऊ? बाहेरून मागवू का? माझ्या ऐरोलीच्या भाच्यानेही तेच विचारलं. आजोबांचा रेकॉर्ड प्लेयर माळ्यावरून खाली आला होता, मोटर सुस्थितीत होती, आणि त्याला जोडायला प्रीॲम्प हवा होता. त्याने अमेरिकेतल्या एका वितरकाच्या संकेतस्थळावर सगळं निवडून ठेवलं आणि "मामा, पैसे भरायच्या आधी एकदा बघ ना" म्हणून यादी पाठवली. यादीत महागड्या आयसी होत्या, ध्वनिशौकिनांसाठी म्हणून विकले जाणारे जाडजूड कपॅसिटर होते, सोन्याचा मुलामा दिलेली आरसीए सॉकेट होती आणि ट्रान्सफॉर्मरसुद्धा होता. विमानाचं भाडं वजनावर असतं आणि यादीतली सर्वांत जड वस्तू ट्रान्सफॉर्मरच.

त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो. एखादा पार्ट परदेशातून आणावा की नाही, हे तो सर्किटमध्ये कुठे बसतो यावर ठरतं. काही जागा अशा असतात की तिथे चांगल्या आणि साध्या मालातला फरक कानाला कळतो. बाकीच्या जागी पैसे खर्च होतात, पण ऐकण्यात काही बदलत नाही. म्हणून सुरुवात प्रीॲम्प करतो काय, इथून.

आधी सिग्नल किती ते पाहा

सीडी प्लेयर किंवा चांगला डॅक (डिजिटल संगीताचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र) पूर्ण पातळीवर सुमारे २ व्होल्ट देतो. बहुतेक पॉवर ॲम्पना पूर्ण ताकदीने वाजायला एक-दीड व्होल्ट पुरतात. म्हणजे या जोडीत सिग्नल वाढवायची गरजच नाही, उलट तो कमी करायचा आहे. तरीही जुन्या आकृत्यांत दहा पट वाढ दिलेली दिसते, कारण त्या काळचे ट्यूनर आणि टेपडेक काही शे मिलिव्होल्टच द्यायचे. अशी आकृती आज जशीच्या तशी उतरवली की व्हॉल्यूमचं बटण जरासं सरकवताच घर दणाणतं आणि पुढचा सगळा फेरा वाया जातो. लाइन प्रीॲम्पला, म्हणजे सीडी प्लेयर किंवा डॅकसाठीच्या प्रीॲम्पला, दोन-तीन पट वाढ भरपूर झाली. ऑपॅम्पच्या (सिग्नल वाढवणाऱ्या आयसीच्या) नेहमीच्या जोडणीत २.२ किलो-ओहम आणि १ किलो-ओहम असे दोन रेझिस्टर घातले की ३.२ पट वाढ मिळते. दोघांच्या गुणोत्तरात एक मिळवायचा, एवढंच गणित आहे.

रेकॉर्ड प्लेयरचं तसं नाही. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई बसते त्या भागातून) साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट येतात. त्याला ४७ किलो-ओहमचा भार लागतो आणि लाइन पातळीला यायला शंभर पटीच्या आसपास वाढ लागते. त्यात आणखी एक काम असतं. एलपी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि तारस्वर मुद्दाम उचललेला असतो. खर्ज पूर्ण ताकदीने कापला तर खोबण इतकी डावी-उजवीकडे हलेल की शेजारच्या खोबणीला भिडेल आणि तबकडीवर फारच थोडं संगीत मावेल. तारस्वर उचलून ठेवल्याने फायदा असा की वाजवताना त्यांना जागेवर आणताना तबकडीची सळसळही त्यांच्याबरोबर खाली जाते. ही उलटापालट किती करायची याचं प्रमाण १९५४ साली अमेरिकेत ठरलं. त्याला आरआयएए म्हणतात. आकृत्यांत त्याच्या शेजारी ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद असे तीन आकडे दिसतात. फोनो प्रीॲम्पने, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरसाठीच्या प्रीॲम्पने, २० हर्ट्झला १ किलोहर्ट्झच्या तुलनेत सुमारे १९ डेसिबल वर न्यायचं आणि २० किलोहर्ट्झला जवळजवळ तितकंच खाली आणायचं. दोन टोकांतला फरक जवळपास नव्वद पटीचा होतो.

(घरात बालगंधर्वांच्या ७८ गतीच्या तबकड्या असतील तर एवढं लक्षात ठेवा की त्या या ठरावाच्या आधीच्या आहेत. प्रत्येक कंपनीचं प्रमाण तेव्हा वेगळं होतं. आरआयएएमधून वाजवल्या तर त्यांचा तोल बिघडतो, आणि त्यांची खोबण रुंद असल्याने सुईही वेगळी लागते. तो स्वतंत्र विषय आहे.)

आता आपल्या विजेकडे या. महावितरणची वीज ५० हर्ट्झची. आरआयएएमध्ये ५० हर्ट्झला १ किलोहर्ट्झच्या सातपट वाढ मिळते. म्हणजे शंभर पट वाढीचा फोनो प्रीॲम्प विजेच्या गुणगुणीला सातशे पटीने वाढवून स्पीकरकडे पाठवतो. फोनो प्रीॲम्प बनवणाऱ्या बहुतेकांची पहिली तक्रार हम येतो अशी असते, ती याच कारणाने. कितीही महाग आयसी घातली तरी हा हम जात नाही.

हिस कुठून येतो

हम सोडला की उरतो हिस, म्हणजे गाणं नसताना ऐकू येणारा सूं आवाज. तो पार नाहीसा करता येत नाही. कारण कुठल्याही रेझिस्टरमध्ये उष्णतेने इलेक्ट्रॉन इकडेतिकडे धावत असतात आणि त्यातून थोडं व्होल्टेज आपोआप तयार होतं. १ किलो-ओहमचा रेझिस्टर आपल्या खोलीच्या तापमानाला दर वर्गमूळ हर्ट्झला सुमारे ४ नॅनोव्होल्ट एवढा गोंगाट करतो. एकक विचित्र वाटेल, पण तुलनेला सोपं आहे. रेझिस्टर चौपट केला की गोंगाट दुप्पट होतो. आयसीचा गोंगाटही त्याच एककात सांगतात. एनई५५३२ चा ५, ओपीए२१३४ चा ८, टीएल०७२ चा १८.

हे आकडे घेऊन भाच्याची यादी पाहिली तेव्हा खरी मेख सापडली. त्याने आयसी घेतली होती अतिशय शांत, आणि व्हॉल्यूमसाठी पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, घेतला होता १०० किलो-ओहमचा. पॉट विजेच्या दृष्टीने मध्यावर असताना त्याच्या मधल्या पायातून पाहिलं तर २५ किलो-ओहम दिसतात, आणि २५ किलो-ओहमचा गोंगाट होतो २० नॅनोव्होल्ट. पॉटच आयसीच्या चौपट गोंगाट करत असेल तर आयसी शांत असण्याचा उपयोग काय? शिवाय ५५३२ सारख्या आयसीच्या इनपुटमध्ये विद्युतप्रवाहाचाही गोंगाट असतो. तो त्या २५ किलो-ओहममधून गेला की आणखी जवळजवळ तितकीच भर पडते. पॉट १० किलो-ओहमचा घेतला की मध्यावरचा रोध अडीच किलो-ओहम होतो आणि गोंगाट साडेसहा नॅनोव्होल्टच्या आत येतो. दोन्ही पॉटची किंमत सारखीच असते. डॅक किंवा सीडी प्लेयरला १० किलो-ओहमचा भार सहज झेपतो. फक्त व्हॉल्व्हचं जुनं यंत्र आधी जोडायचं असेल तर मोठा पॉट लागतो.

गोंगाटाबाबत एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही, की पहिल्या टप्प्यात शिरलेला गोंगाट दुधात पडलेल्या मिठाच्या खड्यासारखा असतो. पुढे काहीही केलं तरी तो बाहेर काढता येत नाही, सिग्नलबरोबर तोही वाढतच जातो. म्हणून फोनोच्या पहिल्या आयसीवर आणि तिच्या आसपासच्या रेझिस्टरवर खर्च करावा. लाइन प्रीॲम्पमध्ये २ व्होल्टच्या सिग्नलपुढे आयसीचा गोंगाट इतका खाली असतो की ५५३२ आणि तिच्या दहापट किमतीची आयसी यांत ऐकू येण्याजोगा फरक माझ्या मते नाही. ५५३२ सिग्नेटिक्सने १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणली. ती त्यानंतर कितीतरी स्टुडिओंच्या मिक्सरमध्ये बसली, म्हणजे आपण ऐकतो त्यातलं पुष्कळसं संगीत आपल्यापर्यंत येण्याआधी तिच्यातून जाऊन आलेलं असतं.

वीजपुरवठा आणि अर्थिंग इथलंच

हम घालवणारे सगळे पार्ट ठाण्या-मुंबईत मिळतात. ठाण्याहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेची धीमी लोकल पकडायची (जलद लोकल ग्रँट रोडला थांबत नाही) आणि ग्रँट रोडला पूर्वेकडे बाहेर पडायचं. इलेक्ट्रॉनिक पार्टचा बाजार असलेला डॉ. भडकमकर मार्ग म्हणजेच लॅमिंग्टन रोड तिथून पायी अंतरावर आहे. वाशीकरांनी कुर्ल्याला गाडी बदलून दादर गाठावं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. दुकानदाराला "पंधरा-झिरो-पंधरा, पाचशे मिलीॲम्प" एवढं सांगितलं की तो ट्रान्सफॉर्मर काढून ठेवतो. अमेरिकेतले पुष्कळ ट्रान्सफॉर्मर ११५ व्होल्टचे असतात. ते इथे २३० व्होल्टला लावले तर जळतात.

१५ व्होल्ट एसी रेक्टिफाय केले, म्हणजे डायोडने त्याचं डीसी केलं, की शिखर २१ व्होल्टच्या वर जातं आणि डायोडमध्ये थोडं पडून २० च्या आसपास डीसी मिळतं. ट्रान्सफॉर्मरवर भार कमी असेल तर याहून जास्तच. व्होल्टेज १५ वर स्थिर ठेवणाऱ्या ७८१५ रेग्युलेटरला आउटपुटपेक्षा सुमारे २ व्होल्ट जास्त लागतात, त्यामुळे उन्हाळ्यात संध्याकाळी वीज दबली तरी १५ व्होल्ट स्थिर राहतात. अधिक आणि उणे बाजूंना मिळून २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचे दोन कपॅसिटर पुरतात. उणे बाजूसाठी ७९१५ लागतो, आणि इथे नवख्यांनी फार जपावं. ७८१५ चे पाय समोरून इनपुट, ग्राउंड, आउटपुट असे असतात, तर ७९१५ चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट असे. ७९१५ ची धातूची पाठही आतून इनपुटला जोडलेली असते. ती डब्याला टेकली तर उणे पुरवठा थेट डब्यावर शॉर्ट होतो. अभ्रकाची किंवा सिलिकॉनची चकती आणि प्लास्टिकचं बुश घालूनच स्क्रू आवळायचा. प्रत्येक आयसीच्या पुरवठ्याच्या पायांजवळ १०४ छापलेला छोटा सिरॅमिक कपॅसिटर लावायचा. १०४ म्हणजे १०० नॅनोफॅरड. तो दूर लावला तर आयसी कानाला न ऐकू येणाऱ्या वारंवारितेवर आपोआप दोलायमान होऊ शकते आणि विनाकारण गरम होते.

हम कसा येतोय हे कानाने ओळखता येतं. गोल, खर्जातली गुणगुण असेल तर ती ५० हर्ट्झची, आणि ती ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा ग्राउंड दोन वाटांनी जोडलं गेल्याने बनलेल्या वेढ्यातून येते. ट्रान्सफॉर्मर हाताने थोडा फिरवून पाहा. कमी-जास्त झाली तर कारण सापडलं. आवाज कर्कश, भुंग्यासारखा घर्रर असेल तर तो १०० हर्ट्झचा. रेक्टिफायरनंतरच्या कपॅसिटरला भरणारे प्रवाहाचे झटके सिग्नलच्या ग्राउंडच्या तारेतून जात असतात तेव्हा तो येतो. त्यावर इलाज मांडणीचा आहे. दोन मोठ्या कपॅसिटरचं ग्राउंड एकमेकांना आधी जोडायचं, तिथून एक तार काढायची आणि बाकीची सगळी ग्राउंडं त्या एका बिंदूवर आणायची. इनपुटच्या सॉकेटची ग्राउंडं डब्यापासून अलग ठेवायची आणि डब्याला ग्राउंड एकाच ठिकाणी जोडायचं. फोनोसाठी ट्रान्सफॉर्मर शक्य तितका लांब ठेवायचा. वेगळ्या डब्यात ठेवला तर सर्वांत उत्तम.

विजेची अर्थिंगची पिन मात्र हम घालवायला म्हणून कधीही कापू नका. धातूच्या डब्याला अर्थ जोडलेलाच हवा, फ्यूज हवा आणि २३० व्होल्टच्या प्रत्येक उघड्या जोडावर स्लीव्ह हवी. नौपाड्यातल्या किंवा वाशीच्या जुन्या सेक्टरांतल्या काही इमारतींत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे अर्थिंगची तारच नसते. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून फेज आणि अर्थ यांत २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थ यांत एक-दोन व्होल्ट दिसायला हवेत. तसं दिसलं नाही तर प्रीॲम्पचं काम थांबवून आधी वायरमनला बोलवा. याबाबत मी कुणालाही सवलत देत नाही.

मग बाहेरून आणायचं काय

एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर, ट्रान्सफॉर्मर, रेग्युलेटर, डबा, सॉकेट, झिरो पीसीबी (भोकं पाडलेली कोरी पट्टी), सोल्डर हे सगळं इथलं. बाहेरून आणायची वस्तू म्हणजे जिचा खरेपणा इथे खात्रीने मिळत नाही किंवा जी इथे मिळतच नाही ती.

पहिली अर्थातच फोनोची आयसी. बाजारात दुसऱ्याच आयसीवर नाव छापून विकलेला माल पुष्कळ आहे, आणि महागड्या, उत्पादन बंद झालेल्या जातींत तर जास्तच. अधिकृत वितरकाकडून घेतली की हा प्रश्न मिटतो. डिजी-की, माउझर आणि एलिमेंट१४ ही मोठी नावं आहेत. नावातलं शेवटचं अक्षर नीट वाचा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एनई५५३२पी मधला पी म्हणजे सॉकेटमध्ये बसणारी पायांची आयसी, डी म्हणजे पीसीबीच्या पृष्ठभागावर चिकटणारी इवलीशी. ओपीए२१३४ मध्ये हीच जागा पीए आणि यूए घेतात. झिरो पीसीबीवर काम करणाऱ्याच्या हाती चुकून डी आली की छोटा ॲडॉप्टर बोर्ड शोधत बसावं लागतं.

दुसरी वस्तू व्हॉल्यूमचा पॉट. लॉग प्रकारचा, म्हणजे फिरवताना कानाला आवाज सारखा वाढतोय असं वाटेल असा, आणि स्टिरिओ असल्याने दोन्ही भाग एकसारखे वागणारा. स्वस्त पॉटमध्ये आवाज अगदी कमी केला की एक स्पीकर आधी मूक होतो. रात्री हळू ऐकणाऱ्याला हा त्रास रोज जाणवतो. ॲल्प्सचा निळा आरके२७ याच कारणाने लोकप्रिय आहे. त्याच्या नकलाही तितक्याच आहेत, म्हणून तोही अधिकृत ठिकाणचाच घ्यावा. पॉटवर ए लिहिलेलं असेल तर साधारणपणे लॉग, बी असेल तर सरळ प्रमाणातला.

तिसरी वस्तू आरआयएएच्या जाळ्यातले कपॅसिटर. इथे जात महत्त्वाची. पॉलिप्रॉपिलीन चालतो, आणि लहान क्षमतांना सी०जी प्रकारचा सिरॅमिकही उत्तम असतो. एक्स७आर सिरॅमिक मात्र सिग्नलच्या मार्गात नको, कारण त्याची क्षमता त्याच्यावरच्या व्होल्टेजनुसार बदलते आणि त्यातून विकृती येते. डाव्या-उजव्या बाजूंचे कपॅसिटर एकमेकांशी जुळणं सर्वांत गरजेचं. एक टक्क्याचे महाग घेण्यापेक्षा पाच टक्क्यांचे जास्त नग घेऊन क्षमता मोजणाऱ्या मीटरवर जोड्या लावल्या की काम होतं. तसे नग लॅमिंग्टन रोडवरही मिळतात. मग ही तिसरी वस्तू यादीतून गळतेही.

जेफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) वापरणाऱ्यांना चौथी वस्तू लागते. तोशिबाचा २एसके१७० हा अतिशय शांत ट्रान्झिस्टर कंपनीने बंद केला. त्याच्या जागी लिनियर इंटिग्रेटेड सिस्टिम्सचा एलएसके१७० येतो. जुन्या नावाचे नग कुणी आजही ढिगाने विकत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

भाच्याच्या यादीतून शेवटी आयसी, पॉट आणि जोडीला काही जास्तीच्या आयसी उरल्या. पार्सल एका पाकिटात मावेल एवढं झालं. मित्रमंडळींची मागणी एकत्र केली की भाडं वाटून जातं, हा मार्ग चांगला आहे. फक्त एकाच आयसीचे शेकडो नग मागवले तर ते वैयक्तिक वापरासाठी आहेत हे कस्टमला पटवणं अवघड होतं.

कस्टमचा हिशेब

संकेतस्थळावर दिसते ती किंमत आणि हातात पडते ती किंमत यांतला फरक समजला की निम्मी धास्ती जाते. पैसे भरायच्या आधी विक्रीच्या अटी पाहा. डीडीपी लिहिलं असेल तर शुल्क आणि कर विकणारा भरतो, ते किमतीतच धरलेलं असतं. डीएपी असेल तर ते तुम्ही भरायचं, आणि कुरियरवाला दारात येण्याआधी किंवा दारात ते मागतो. कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनंतर नवं कार्ड तसं बंद ठेवूनच देतात. परकी चलनावर बँक स्वतःचा आकारही लावते, तोही धरून चाला.

शुल्क मालाच्या किमतीत भाडं आणि विमा मिळवून होणाऱ्या रकमेवर लागतं. ही रक्कम १०,००० रुपये धरू. समजा मूळ सीमाशुल्क १० टक्के आहे, म्हणजे १,००० रुपये. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे १०० रुपये. आता एकूण ११,१०० वर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी), म्हणजे १,९९८. सगळे मिळून ३,०९८ रुपये. म्हणजे दहा आणि अठरा मिळून अठ्ठावीस असं होत नाही. करावर कर बसत गेल्याने आकडा ३१ टक्क्यांच्या घरात जातो.

पण दहा टक्के मूळ शुल्क प्रत्येक वस्तूला नसतं. जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांनी १९९६ मध्ये सिंगापूरला माहिती तंत्रज्ञान करार केला आणि भारत त्यात १९९७ मध्ये सामील झाला. आयसी, ट्रान्झिस्टर, डायोड, कपॅसिटर, रेझिस्टर आणि कोरे पीसीबी त्या कराराखाली येतात, त्यामुळे सुट्या पार्टच्या वर्गात त्यांचं मूळ शुल्क शून्य आहे. मग १०,००० वर फक्त १,८०० रुपये आयजीएसटी. हेच पार्ट भरलेला तयार प्रीॲम्प बोर्ड म्हणून मागवले तर तो ॲम्प्लिफायरच्या वर्गात जातो आणि ही सवलत जाते. सुटे पार्ट आणून स्वतः जोडणाऱ्याला कायद्यानेच मिळालेला हा फायदा आहे.

यात एक खाच आहे. वैयक्तिक वापराचं पार्सल कुरियरने किंवा टपालाने आलं तर ते ९८०४ या सरसकट वर्गातही टाकलं जाऊ शकतं. त्यात आत काय आहे हे न पाहता एकच दर लागतो, आणि तो अर्थसंकल्पागणिक बदलू शकतो. म्हणून बिलावर प्रत्येक पार्टचं नाव, संख्या, किंमत आणि वर्गीकरणाचा आकडा स्पष्ट असलेला बरा. मोठे वितरक तो छापूनच देतात. "इलेक्ट्रॉनिक वस्तू" एवढंच लिहिलेलं पार्सल अडकतं. कुरियर कंपनी तुमच्या वतीने शुल्क भरते त्याचा वेगळा आकार लावते. लहान पार्सलवर तो कधी शुल्कापेक्षाही जास्त वाटतो, म्हणून वरचेवर थोडंथोडं मागवण्यापेक्षा एकदा विचार करून मागवावं.

पाठवणाऱ्याला "भेटवस्तू" लिहायला सांगणं खोटं तर आहेच, शिवाय निरुपयोगी आहे. २०१९ च्या डिसेंबरपासून भेट म्हणून विनाशुल्क सोडवणं बंद झालं. सूट राहिली ती फक्त जीवनरक्षक औषधांना आणि राखीला. ब्लूटूथचं मॉड्यूल स्वस्त दिसलं म्हणून त्याच पार्सलात टाकू नका. बिनतारी उपकरणाला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी या शाखेची मान्यता लागते, आणि त्या एका वस्तूपायी सगळं पार्सल थांबू शकतं.

कुरियर कंपनी केवायसी मागते. वैयक्तिक वापरासाठी आयात-निर्यात कोड लागत नाही, पण ओळखपत्र आणि पत्ता लागतोच. आपल्याकडच्या पत्त्यांची एक अडचण आहे. ऐरोली, घणसोली, वाशी, बेलापूर नवी मुंबईत असूनही जिल्हा ठाणे, आणि खारघर-कामोठे रायगडात. ओळखपत्रावर एक, ऑर्डरवर दुसरं आणि पिनकोडवरून तिसरंच निघतं. ओळखपत्रावर जसं छापलंय अगदी तसंच ऑर्डरमध्ये लिहा, नावाच्या स्पेलिंगसकट. टपालाने मागवलं असेल तर मुंबईत ते बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनात तपासलं जातं आणि शुल्क असेल तर पोस्टमन घेतो. टपाल स्वस्त, पण वेळेचा भरवसा कमी.

पार्सल आल्यावर

पाकीट उघडलं की लगेच सोल्डर करू नका. अधिकृत वितरकाचा माल असेल तर तपासणी सवयीपुरती, पण इथे बाजारात घेतलेल्या आयसीची करायलाच हवी. आणि ती घरातल्या मल्टिमीटरने होते. ५५३२ च्या आत दोन इनपुटांमध्ये उलटसुलट दोन संरक्षक डायोड असतात. मल्टिमीटर डायोडवर ठेवून सुट्या आयसीच्या २ आणि ३ नंबरच्या पायांना लावा. दोन्ही दिशांनी सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट दिसायला हवेत. टीएल०७२ वर ५५३२ छापून विकली असेल तर हे दिसणार नाही. मग सॉकेटमध्ये बसवून पुरवठ्याच्या तारेत मिलीॲम्प मोजा. खरी ५५३२ साधारण ८ मिलीॲम्प घेते, टीएल०७२ तीनच्या आत. या दोन चाचण्यांत बरीचशी नकली आयसी पकडली जाते.

पावसाळ्यात उरलेले पार्ट उघडे ठेवू नका. खाडीकाठच्या दमट हवेत आयसीचे पाय काळवंडतात आणि सोल्डर नीट धरत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या की वर्षानुवर्षं टिकतात.

पहिल्यांदा वीज लावताना सॉकेटमध्ये आयसी नको. ८ नंबरच्या पायावर अधिक १५ आणि ४ नंबरच्या पायावर उणे १५ मिळतात का ते पाहा, वीज बंद करा, मोठे कपॅसिटर रिकामे होऊ द्या, मग आयसी बसवा. पुन्हा वीज लावून आउटपुटवर डीसी मोजा. काही मिलिव्होल्ट चालतील. पॉट फिरवताना खरखर आली तर बहुधा पॉटचा मधला पाय ५५३२ ला थेट जोडलेला असतो. या आयसीच्या इनपुटमधून थोडा डीसी प्रवाह वाहतो आणि तो पॉटच्या सरकत्या टोकातून जातो. पॉट आणि आयसी यांच्यामध्ये एक कपॅसिटर आणि आयसीच्या इनपुटपासून ग्राउंडला ४७ किलो-ओहमचा रेझिस्टर घातला की खरखर थांबते. हे सगळं जमलं की मग पॉवर ॲम्प जोडा, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून.